तिरपा पिकअप आणि बाबांचा गुण्या

आमच्या घरात आजवर एकच वस्तू तिरपी राहिली आहे, ती म्हणजे मी.

बाबा आर्णीचे सुतार. त्यांनी बसवलेलं दार भूकंपातही कुरकुरणार नाही! मी मात्र नववीतच शाळा सोडली. पुण्यात गिटार दुरुस्त करणाऱ्या उस्तादांनी मला पोरासारखं ठेवून घेतलं. त्यांचे उपकार रोज आठवतो, आणि काम सुटेल म्हणून रोज घाबरतो. (दोन्ही एकाच वेळी जमतं.)

यंदा भीमजयंतीला आर्णीत मामाच्या भीमगीतांच्या गायन पार्टीत वाजवायला उस्तादांनी चक्क आपली जुनी, लाडकी इलेक्ट्रिक गिटार दिली. आर्णीपर्यंत मी ती मांडीवर घेऊन आलो. डुलकीसुद्धा घेतली नाही!

घरी ऐटीत दाखवली. "हे तीन पिकअप. तारेची थरथर पकडणारे लोहचुंबक."

"दोन सरळ हायेत," बाबा म्हणाले. "तिसरा तिरपा काहून?"

"मुद्दाम आहे, बाबा! जाड तारा भरदार वाजतात, बारीक तारा धारदार."

"कोन्या मिस्त्रीनं चुकवलं, अन् तुले सांगतलं मुद्दाम हाये!"

मी हसलो. तिथंच चुकलो. मामाकडे तालमीला जाऊन आलो, तर बाबा गिटारीवर काटकोन तपासायचा गुण्या लावून बसलेले! पिकअप काटकोनात. त्यासाठी वरची प्लेट कापलेली, आतलं लाकूड पटाशीनं कोरलेलं, उरलेल्या फटीत सागाचा तुकडा. वर पॉलिश!

"बाबा! ही उस्तादांची आहे!"

"मंग? त्याइच्यासाठीच केलं. तुले सांभाळून राह्यला तो मानूस. आपल्याकडूनही काही नको?"

आता यावर रागवायचं कसं?

कार्यक्रमात बारीक तारांची धार गेली ती गेलीच. मामा कानाशी आला, "भाचे, गिटारीले सर्दी झाली काय?"

पुण्यात गिटार उस्तादांसमोर ठेवली आणि मनातल्या मनात पिशवी भरली. त्यांनी वाजवली. "धार गेली," म्हणाले. मग सागाच्या तुकड्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "सांधा सापडत नाही रे! वडिलांना फोन लाव."

मी थरथरत लावला. (त्या क्षणी पिकअप मला लावला असता तर गाणं वाजलं असतं.)

"मिस्त्री, काय हात आहे तुमचा! ही आता अशीच राहणार."

पलीकडून बाबा खूश. "गिटार तर सरळ झाली, मालक. आता पोराले तेवढं सरळ करा."

उस्तादांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"नको, मिस्त्री. हा मुद्दाम तिरपा ठेवलाय."