अर्धवट सोललेलं फूल

ब्याण्णव-त्र्याण्णव सालची गोष्ट असेल. मी जालन्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात मी कधी तोंड उघडत नसे. उत्तर येत असलं तरी आधी मनात दोनदा म्हणून बघायचे, तोवर दुसरं कुणी तरी सांगून मोकळं व्हायचं.

मराठीच्या मॅडम आमच्याकडून कवितांचं रसग्रहण करून घेत. एका शुक्रवारी त्यांनी जुन्या कॅलेंडरचं एक पान फळ्यावर लावलं. परदेशातल्या कुणा बाईनं काढलेलं चित्र होतं, एकाच फुलाचं.

"या वेळी याचं रसग्रहण," त्या म्हणाल्या. "सोमवारी प्रत्येकानं पाच मिनिटं बोलायचं. कागद हातात नको."

फूल कागदात मावत नव्हतं. पाकळ्या काठाशी कापल्या गेल्या होत्या. देठ नाही, पान नाही, मागे आभाळही नाही. फिक्कट पिवळा रंग आत आत जाताना गडद लाल होत गेलेला, आणि मधोमध एकच बारीक उभा दांडा. मुलं म्हणाली, एवढ्या जवळून फूल कोण बघतं? इतक्या जवळून फूल बघणारी बाई मला माहीत होती.

माझी आई बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जायची. संकरित कपाशीचं बी तयार करायचं ते काम. दुपारनंतर उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या आणि आतले परागांचे केसर एकदमच सोलून काढायचे, मधला दांडा तेवढा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचं फूल आणून त्याचे पराग त्या दांड्याला लावायचे. शाळेत असताना सुट्टीत मीही ते केलं होतं. पण वसतिगृहात मी सांगून ठेवलं होतं, आई घरीच असते. हे खोटं कुणी मागितलं नव्हतं. मीच दिलं होतं.

मॅडमना भीत भीत विचारून मी चित्र गुंडाळून घेतलं आणि शनिवारी घनसावंगीच्या गाडीत बसले. तिथून पुढे जीपनं गाव.

रविवारी दुपारी आई सकाळचं क्रॉसिंग उरकून भाकर खायला घरी आली. जेवण झाल्यावर मी ओसरीत चित्र पसरलं. तिनं हात पुसले, पण कागदाला लावले नाहीत. वाकून बराच वेळ बघितलं.

"कपाशीचं हाय का?"

"माहीत नाही. परदेशातलं आहे."

"कुठलं का असंना. काम अर्धवट हाय हे."

"काम?"

"केसर काढले अन् पाकळ्या तशाच ठेवल्या. आमच्या प्लॉटवर असं सोललं असतं तर सुपरवायझरनं दुसऱ्या दिवशी येऊच दिलं नसतं. कुणी शिकवलं ह्या बाईला?"

"आई, ते चित्र आहे. तिनं सोललेलं नाही."

"मंग केसर कुठं गेले?"

आई पुन्हा वाकली. तिच्या अंगठ्याचं नख कायम हिरवट काळं असे, साबणानं निघत नसे. ते तिनं चित्रावर, कागदाला न टेकवता, पाकळीच्या कडेनं फिरवलं.

"पाकळ्या काढायला तिचा जीव झाला न्हाई," ती म्हणाली. "आपल्या हातचं एक बी फूल असं उघडत न्हाई, माय. आज सोलायचं, उद्या पराग लावायचे. सकाळी दुसऱ्या जातीचं उमललेलं भेटतं, तर त्याच्या पाकळ्या मागं मोडूनच धरायच्या. बघत बसायला टाइम कुठं हाय?"

तीन वाजता ती पुन्हा प्लॉटवर गेली.

सोमवारी वर्गात सगळे निसर्गाच्या सौंदर्यावर बोलले. मीही तेच पाठ करून गेले होते. माझं नाव पुकारल्यावर उभी राहिले, फळ्यावर परत लावलेल्या चित्राकडे बघितलं, आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य आठवेना. आईचं आठवलं.

"माझी आई क्रॉसिंगला जाते," मी म्हणाले. "मजुरीनं. ती म्हणाली, हे काम अर्धवट आहे."

मागच्या बाकावरून कुणी तरी हसलं. "चित्रकारीणबाईंची मजुरी कापा मग," एक मुलगा म्हणाला, आणि वर्ग हसला. मलाही हसू आलं, ते बरंच झालं. कळी कशी सोलायची ते मी अंगठ्यानं हवेत करून दाखवलं. केसर गेलेत आणि पाकळ्या राहिल्यात हे दाखवलं. आई जे म्हणाली ते सगळं, तिच्याच शब्दांत सांगितलं. पाच मिनिटं झाली की नाही कळलं नाही. मॅडम वहीत काही लिहीत नव्हत्या, चित्राकडे बघत होत्या.

"मी हे पान दोन वर्षं घरात लावलं होतं," त्या म्हणाल्या. "केसर नाहीत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं."

बाहेर आल्यावर माझ्या खोलीतली मैत्रीण म्हणाली, "तू तर म्हणायचीस, आई घरीच असते."

"म्हणायचे," मी म्हणाले.

तिनं माझा अंगठा धरून उलटा केला, बघितला आणि सोडून दिला. "चल, मेसमधली डाळ संपेल," म्हणाली.

पुढच्या शनिवारी घरी गेले तर आईनं पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलं, "सांगितलं का मॅडमला?"

"सांगितलं. सगळ्या वर्गासमोर. तू क्रॉसिंगला जातीस ते पण."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मी कॉलेजात काय सांगत होते, हे तिला ठाऊक असावं असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

"काय म्हणल्या मंग?"

"म्हणाल्या, त्यांच्या लक्षात आलं नव्हतं."

"येणार कसं? त्यांनी कधी कळी सोलली का?" तिनं चुलीवर तवा ठेवला. "पाकळ्या ऱ्हाऊ दिल्या ते चित्रात चालतंय. वावरात बिलकुल न्हाई. हे सांगितलं का?"

ते सांगायचं राहिलं होतं.

"मंग सोमवारी सांग," आई म्हणाली.