मंडपवाल्यांचं सर्टिफिकेट

आमच्या संघाच्या हापिसात दोन गोष्टी साचत जातात. एक, लग्नातून चुकून दुसऱ्याच्या टेम्पोत आलेल्या खुर्च्या. दुसरी, किस्से. खुर्चीच्या पाठीवर निदान मालकाचं नाव रंगवलेलं असतं, कोणी ना कोणी येऊन घेऊन जातं. किस्से मात्र घेऊन जायला कोणी येत न्हाई! सगळे माझ्याच टेबलावर पडून आहेत. म्हटलं, आज थोडे उचलावेत.

संघ म्हणजे मंडप, बिछायत आणि साऊंडवाल्यांचा तालुका संघ. तालुका कोणता ते विचारू नका, परतूरच्या अलीकडं-पलीकडं समजा. मला अजून तिथंच काम करायचंय. मी तिथली कारकून, साळवे मॅडम. 'तात्पुरती' म्हणून लागले, त्याला अकरा वर्षं झाली. माझी पोरगी तवा पहिलीत होती. ती दहावी पास झाली, आई अजून तात्पुरतीच! पत्रं मी लिहायची, परवानग्या मी काढायच्या, भांडणं मी मिटवायची, आणि सभेला माणसं जमली की, "मॅडम, चहा सांगा."

*

तर एक दिवस राज्याच्या महासंघाचं पत्र आलं. यापुढं प्रत्येक संघाकडं 'संघटना व्यवस्थापन' या विषयाचं सर्टिफिकेट असलेला एक तरी माणूस पाहिजे. सहा महिने ऑनलाइन क्लास, मग लेखी परीक्षा, आणि लेखी पास होईल त्यानं परीक्षकासमोर एक सभा घेऊन दाखवायची.

अध्यक्षांनी पत्र बाजूला सारलं. "वीस वर्षं संघ चालवून राह्यलो मी! मला काय शिकवतेत हे?"

मी म्हटलं, "खाली अजून एक ओळ आहे. सर्टिफिकेट नसलेल्या संघाला अधिवेशनात स्टेजवर खुर्ची न्हाई."

"आधी सांगायचं ना! फॉर्म भरा, जल्दी!"

पण नोंदणीला कमीत कमी तीन माणसं लागत होती. एक अध्यक्ष. दुसरे त्यांचे मेहुणे गजूशेठ, म्हणजे बायकोचे भाऊ, ज्यांना कुठंतरी चिकटवायची काळजी अध्यक्षांना लग्नापासून आहे. तिसरं कोणी मिळेना. तवा अध्यक्ष म्हणाले, "मॅडमचंच टाका नाव. खाली जागा तर भरायची."

आणि सगळ्यांसमोर टेबलावर हात आपटून जाहीर केलं, "जो पास होईल तो संघाचा कायम कार्यकारी सचिव! माझा शब्द हाय!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी गजूशेठकडं बघितलं. मी पण टाळ्या वाजवल्या. पण 'कायम' हा शब्द मी त्या दिवशी घरी जाईपर्यंत तोंडात घोळवत होते, खोटं कशाला बोलू!

*

आता आमच्या संघाची एक पद्धत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. बाकी जगात आधी सभा होते, मग तिचं इतिवृत्त लिहितात. आमच्याकडं उलटं. सभेच्या दोन दिवस आधी मी पुस्तकात सगळं लिहून काढते, कोण काय बोललं, काय ठरलं, कोणी ठराव मांडला, कोणी अनुमोदन दिलं. मग स्कूटीवर पुस्तक घेऊन गोडाऊन-गोडाऊन फिरते आणि सह्या घेते. सभेच्या दिवशी फक्त चहा आणि भजे!

एकदा जावेदभाई साऊंडवाले तणतणत हापिसात आले. पुस्तकात लिहिलेलं होतं की संघाच्या प्रत्येक कार्यक्रमाला जावेदभाईंनी साऊंड फुकट द्यावा. ठराव मांडणार गजूशेठ. अनुमोदन देणार, स्वतः जावेदभाई!

"या अल्ला! मी तर त्या दिवशी टेंभुर्णीला बहिणीकडं गेल्तो! अनुमोदन काय तिथून ओरडून दिलं मी?"

अध्यक्षांनी पुस्तक उघडलं. "हे पुस्तकात हाय का न्हाई?"

"हाय."

"खाली सही तुझीच का न्हाई?"

"माझीच. पण न वाचता केलती..."

"मंग ठरलं! पुस्तक म्हंजे पुस्तक!"

ते अध्यक्षांनी सांगितलेलं मीच लिहिलं होतं. मला लाज वाटली. जावेदभाई जाता जाता मला एवढंच म्हणाले, "ताई, तुमचा अक्षर तर बडा सुंदर हाय." ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

*

पहिला ऑनलाइन क्लास. मी सकाळीच लॅपटॉप लावून ठेवला. अध्यक्ष म्हणाले, "मागं ही कळकट भिंत दिसणार का? राज्यभरातले लोक बघणार!"

तासाभरात गोडाऊनमधून माल आला. मखमली पडदा, प्लॅस्टिकच्या गुलाबांची कमान, दोन बाजूंना दोन पांढरे हत्ती, आणि मधी लग्नाच्या स्टेजवरचा सोनेरी सोफा. सोफ्यावर अध्यक्ष आणि गजूशेठ चिकटून बसले. मी आपली बाजूच्या स्टुलावर, कॅमेऱ्याच्या बाहेर.

शिकवणारे सर पुण्याचे होते. स्क्रीन सुरू झाली, त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, आज तुमच्याकडे कार्य आहे का? मग क्लास नंतर करा. आणि दोघांचंही मनापासून अभिनंदन!"

त्यानंतर गजूशेठ पुन्हा कधी त्या सोफ्यावर बसले न्हाईत.

*

दुसऱ्या महिन्यात विषय होता सभासदांच्या तक्रारी. सरांनी विचारलं, "तुमच्या संघात तक्रार निवारणाची काय व्यवस्था आहे?"

गजूशेठ छाती काढून म्हणाले, "सर, आमच्या संघात तक्रारच न्हाई!"

"वा! हे कसं साधलं?"

"तक्रार करणाऱ्याला आम्ही संघातून काढतो."

सरांनी त्या दिवशी क्लास दहा मिनिटं आधीच संपवला.

*

दर महिन्याला गृहपाठ असायचा. तिघांचाही कोण लिहिणार? सांगायला नको. अध्यक्ष म्हणायचे, "मॅडम, माझा जरा वजनदार लिहा." गजूशेठ म्हणायचे, "माझा कसा पण लिहा, पण जल्दी लिहा."

एका महिन्यात माझं डोकं दुखत होतं. एकच उत्तर तीनदा लिहिलं, नुसते शब्द इकडचे तिकडं केले. तपासून आले. अध्यक्षांच्या वहीवर शेरा: 'प्रदीर्घ अनुभव ओळीओळीतून जाणवतो.' गजूशेठच्या वहीवर: 'तरुण, आश्वासक दृष्टी.' माझ्या वहीवर: 'लेखन ठीक. प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा.'

अकरा वर्षं, बरं का! मी ती वही घरी नेली, पोरीला दाखवली. ती हसून हसून लोळली. मंग मलाही हसू आलं, पण आधी न्हाई आलं.

*

मे महिन्यात वार्षिक सभा होती. कार्यक्रमाचं नियोजन हा त्या महिन्याचा विषय, म्हणून अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुम्ही राहू द्या. यावेळेस नियोजन मी आन गजू करणार. पुस्तकी न्हाई, प्रॅक्टिकल!"

मैदान उघडं. अकराचं ऊन. चाळीस-बेचाळीस सभासद आले, सगळे कडक इस्त्रीत. जावेदभाईंचा साऊंड आला, ठरावाप्रमाणं फुकट. आणि मंडपच न्हाई!

चाळीस मंडपवाले, आणि एकाच्याही डोक्यावर कापड न्हाई. प्रत्येकाला वाटलं दुसरा आणेल. अध्यक्षांना वाटलं गजू आणेल, गजूशेठना वाटलं ज्याच्या घरी एवढे मंडप तो अध्यक्षच आणेल. सगळ्यांचा माल लग्नांना गेलेला. लोक टेम्पोच्या सावलीला उकिडवे बसले. एकानं डोक्यावर संघाचा अहवाल धरला. अहवालाचा उपयोग झालेला मी पहिल्यांदा बघितला.

शेवटी अंबडकडच्या एका माणसाला फोन करून मंडप मागवला. तो आमचा सभासद न्हाई. दोन वाजता आला, पोरं लावून अर्ध्या तासात मंडप उभा केला. अध्यक्ष खुश होऊन त्याला म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस संघात पायजे. सभासद व्हा की!"

तो घाम पुसत म्हणाला, "झालो असतो तर आज मी पण आणला नसता, साहेब."

*

लेखी परीक्षा जालन्याला. एका हॉलमध्ये, समोर स्टेज, स्टेजवर पर्यवेक्षक बाई. अध्यक्ष सफारी घालून आल्ते. हातात शाल, हार, नारळ. पेपर सुरू व्हायच्या आधीच ते स्टेजवर चढले आणि बाईंचा सत्कार केला. बाई बिचाऱ्या घाबरून उभ्याच राहिल्या. मंग अध्यक्षांनी आजूबाजूला बघितलं, स्टेजवर रिकामी खुर्ची होती, सवयीनं तिच्यावर बसले.

आणि तीन तास तिथंच बसून होते! वीस वर्षांत माणूस खाली बसलाच न्हाई कधी, त्याला सुचणार कसं? मधीमधी आम्हा परीक्षार्थींकडं बघून मान डोलवत होते. वेळ संपल्यावर त्यांनी बाईंना विचारलं, "आमचा पेपर?"

बाई म्हणाल्या, "अय्या! मला वाटलं तुम्ही उद्घाटक आहात."

गजूशेठनी पेपर लिहिला, पण अर्ध्या तासात. उत्तरपत्रिकेला स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड टाचून दिलं. 'शाही मंडप, सर्व कार्यांसाठी.'

*

निकाल लागला. आमच्या संघातून पास एकच माणूस. मी.

दुसऱ्या दिवशी चौकात बॅनर लागला. 'संघाचे घवघवीत यश!' अध्यक्षांचा फोटो माणसाएवढा. गजूशेठचा फोटो, जीन्स आणि गॉगलमध्ये, त्याच्या निम्मा. त्याखाली हार्दिक अभिनंदन: अध्यक्ष, गजूशेठ 'व इतर'.

मी बॅनरखाली स्कूटी उभी करून ते दोनदा वाचलं. मला राग आला, आणि चौकात उभी होते म्हणून रडले न्हाई. पोरगी मागं बसलेली. म्हणाली, "आई, यात तू कोणती?"

मी म्हटलं, "व."

*

आता शेवटचं सांगते.

परीक्षकासमोर सभा घ्यायची ती मीच, कारण लेखी पास मीच. सभेचा विषय एकच: कायम कार्यकारी सचिवाची नेमणूक. तीन दिवस आधी अध्यक्षांनी मला बोलावलं.

"मॅडम, पुस्तक लिहून घ्या. सचिव म्हणून गजूचं नाव टाका."

मी म्हटलं, "अध्यक्ष, तुम्ही शब्द दिल्ता. पास होईल तो कायम. सगळ्यांसमोर."

"शब्द?" ते हसले. "पुस्तकात हाय का तसं?"

न्हवतं. तो शब्द मी लिहिलाच न्हवता, कारण मला कोणी लिही म्हटलं न्हवतं.

"मंग? तुम्ही तर घरच्याच हाव. तुम्हाला कोण काढून राह्यलं? तात्पुरत्या तर हावच!"

मी बरं म्हटलं. टेबलावर गेले, पेन घेतलं आणि पुस्तक लिहिलं. सावकाश, चांगल्या अक्षरात.

मग दोन दिवस स्कूटीवर फिरले. प्रत्येक गोडाऊनला तेच सांगितलं, "वाचून सही करा." एक म्हणाला, "तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं काय!" दुसऱ्यानं बांबू मोजता मोजता सही केली. गजूशेठनी गाडीची काच खाली करून, बाहेर हात काढून सही केली. अध्यक्ष फोनवर होते. मी म्हटलं, "अध्यक्ष, एकदा नजर घाला." त्यांनी फोन खांद्यात दाबला, सही केली आणि हातानंच मला जा म्हटलं.

वाचलं फक्त जावेदभाईंनी. एकदा भाजलेला माणूस. चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून वरून खालपर्यंत वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता संपलं. ते आतल्या बाजूला वळून म्हणाले, "ताईसाठी चहा आणा." मग सही केली. "बराबर लिहिलंय," एवढंच म्हणाले.

सभेच्या दिवशी पुण्याचे परीक्षक आले. यावेळेस मंडप होता, तीन जणांनी तीन आणले होते. मी सभा सुरू केली, विषय वाचला. परीक्षकांनी विचारलं, "ठराव तयार आहे का?"

अध्यक्ष स्टेजवरूनच म्हणाले, "तयार? सगळ्यांच्या सह्यासुद्धा झाल्यात!"

"सभेच्या आधीच?"

"आमच्याकडं काम ॲडव्हान्समध्ये असतं, सर!" आणि कौतुकानं मेहुण्याकडं वळले. "गजू, ऊठ. तुझं तूच वाच. माईकवर."

गजूशेठ उठले. कोट नीट केला. जावेदभाईंनी पुढं होऊन माईक त्यांच्या उंचीचा करून दिला आणि मिक्सरजवळ परत जाऊन बसले. गजूशेठ वाचायला लागले.

"संघाच्या कायम कार्यकारी सचिवपदी, सर्टिफिकेट परीक्षेत पास झालेल्या एकमेव उमेदवार, श्रीमती साळवे यांची आजपासून नेमणूक करण्यात येत आहे. ठराव मांडणार, अध्यक्ष. अनुमोदन देणार..."

तिथं ते थांबले. पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं. मग हळू आवाजात, पण साऊंड चांगला होता म्हणून शेवटच्या रांगेपर्यंत गेलं, ते म्हणाले, "मी."

अध्यक्ष उभे राहिले. "हे कधी ठरलं?"

मिक्सरजवळचा दुसरा माईक सुरू झाल्याचा आवाज आला.

"अध्यक्ष," जावेदभाई म्हणाले, "हे पुस्तकात हाय का न्हाई?"