गळ्यापर्यंत चेन

हृदय ठणठणीत आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तरी संभाजीराव ओव्हाळ खुर्चीतून उठेचनात. ईसीजीच्या पट्टीवरच्या वरखाली रेघा त्यांनी स्वतः पुन्हा एकदा पाहून घेतल्या, जसं काही त्यातलं त्यांना कळणार होतं. शेजारी त्यांच्या बायकोचा, हिराबाईंचा, जीव भांड्यात पडला होता. लेक आम्रपाली पर्समध्ये रुमाल शोधत होती आणि तो काही सापडत नव्हता.

"मग घाम का येतो?" संभाजीरावांनी विचारलं. चांगली बातमीसुद्धा तपासून घ्यायची, ही त्यांची जुनी खोड. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेली. साहेबानं ठीक म्हटलं तरी हे पट्टी लावून एकदा मोजणारच.

तर त्या घामाचं असं झालं. संभाजीराव म्हणजे सायकलवरचा माणूस. ऑफिसातली मंडळी स्कूटरवर गेली, मोटारसायकलवर गेली, काही तर गाडीत बसू लागली. हे आपले वारज्याहून सायकलवरच. आम्रपालीला शाळेत सोडलं तेही कॅरिअरवर बसवून. निवृत्त झाल्यावर लोक बागेतला बाक धरतात; यांनी पहाटे उठून एनडीएच्या रस्त्यानं खडकवासल्याला जाऊन यायचा नेम धरला. थंडी असो, धुकं असो, कानटोपी चढवली, जुना स्वेटर घातला की निघाले.

पोरगी शिकली, खराडीत मोठ्या कंपनीत लागली. दिवाळीनंतर कंपनीनं सगळ्यांना जॅकेटं वाटली, तेव्हा तिनं मुद्दाम मोठ्या मापाचं मागून घेतलं, पप्पांसाठी. काळंभोर, जाडजूड, चकचकीत, आणि छातीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत पांढऱ्या अक्षरांत कंपनीचं नाव. संभाजीरावांनी ते अंगात घातलं आणि आरशापुढून हलायला तयार होईनात. ओव्हाळांच्या घरातली, काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरपुढे बसणारी पहिली पोरगी! छाती फुगेल नाहीतर काय होईल? रविवारी विहारात वंदनेला गेले तेही जॅकेट घालून. ऊन वर आलं, लोकांनी स्वेटर काढून हातावर घेतले, यांनी नाही काढलं.

सायकलवर तर ते रोजचंच झालं. आणि चेन कायम गळ्यापर्यंत ओढलेली. कारण नावाच्या बरोबर मधून चेन जात होती. ती उघडली की अर्धं नाव इकडे फडफडायचं, अर्धं तिकडे, आणि समोरच्याला काही वाचता यायचं नाही. आता याला काय म्हणावं? पण बापाचं काळीज, तिथं शहाणपण कसलं चालतंय.

त्या रस्त्यावर रोज सायकलवर भेटणारे श्रीधर काळे, नारायण पेठेतले निवृत्त मास्तर, पहिल्याच दिवशी म्हणाले, "काय हो, कंपनी जाहिरातीचं काही देते, की आपली समाजसेवा?" संभाजीराव नुसते हसले. मास्तरांनी नाव वाचलं होतं, त्यांना तेवढं पुरे होतं.

पण आठवडाभरातच गडबड सुरू झाली. चढ अर्धा झाला की पाठीवरून पाण्याच्या धारा लागायच्या. बनियन पिळावं इतकं ओलं. तोंडावर गार वारा, आत मात्र उकळी. वर पोचून थांबले की तोच घाम गार पडायचा, अंगावर काटा यायचा आणि छाती धडधडायची. संभाजीरावांची पाचावर धारण बसली. कारण त्यांचा थोरला भाऊ असाच गेला होता. ऐन डिसेंबरात, सकाळच्या गारठ्यात दादाला दरदरून घाम फुटला, पायरीवर टेकला आणि पुन्हा उठला नाही. थंडीत घाम म्हणजे काय, हे संभाजीरावांना कुणी शिकवायला नको होतं.

तरी हा गडी मूग गिळून बसला. सांगितलं असतं तर सायकल सुटली असती. सायकल सुटली की पहाट सुटली, चढ सुटला, मग उरलं काय? बागेतला बाक. एक दिवस मात्र धीरच होईना. पंक्चर आहे म्हणून घरीच राहिले. हिराबाईंनी आधीच दोरीवरची ओली बनियनं पाहिली होती. त्या खाली गेल्या, अंगठ्यानं दोन्ही टायर दाबले. टणक! वर आल्या आणि थेट लेकीला फोन लावला.

म्हणून ही आजची वरात दवाखान्यात. तपासण्या झाल्या, मशीनच्या पट्ट्यावर पळवून झालं. तिथं नुसत्या बनियनवर पळाले तर घामही बेताचाच.

"सायकलवर काय घालता?" डॉक्टरांनी विचारलं.

संभाजीरावांनी खुर्चीच्या पाठीवरचं जॅकेट अभिमानानं पुढे केलं. डॉक्टरांनी ते उलटं केलं, आतल्या प्लास्टिकसारख्या अस्तरावरून बोट फिरवलं आणि चेन वरपर्यंत ओढून पाहिली.

"असं? गळ्यापर्यंत बंद करून?"

"हो."

"अहो, आपण व्यायाम करता की स्वतःला मोदकासारखं उकडून काढता? आत आलेला घाम जाणार कुठं? गोळी लिहून देत नाही. जॅकेट बदला. तरीही असं झालं, तर मात्र लपवू नका, सरळ इथं या."

जिन्यात संभाजीराव दोन-दोन पायऱ्या उतरायला लागले. "अहो, हळू," हिराबाई मागून म्हणाल्या, पण रागावल्या नाहीत. खाली आल्यावर मात्र ते भिंतीला हात लावून उभे राहिले. दादाला असं वेळेवर कुणी आणलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. आम्रपालीनं शेवटी सापडलेला रुमाल त्यांच्या हातात दिला.

तिथून तिघं तडक सायकलच्या सामानाच्या दुकानात. काउंटरवर स्पृहा नावाची मुलगी चहा पीत होती. संभाजीरावांनी पहिलंच जॅकेट उचललं ते रेनकोटसारखं. "काका, यात पाणी येणार नाही, पण घामही जाणार नाही. सेम प्रॉब्लेम." दुसरं लोकरीसारखं मऊ. "हे उबदार आहे, पण धुक्यात भिजणार आणि वारा आरपार जाणार." मग तिनं पोपटी, पातळसं एक काढलं. "हे घ्या. ब्रीदेबल आहे. बाहेरचं पाणी आत नाही, आतली वाफ बाहेर."

"एका बाजूनंच?" संभाजीरावांचा विश्वास बसेना. "आमचं अख्खं खातं पाण्याला एका बाजूला ठेवायला झटत होतं, तरी कुठून ना कुठून झिरपायचंच."

स्पृहा हसली. तिनं वाफाळत्या चहाच्या ग्लासवर त्या जॅकेटची बाही ताणून धरली. "काका, चष्मा द्या." चष्मा बाहीच्या वर धरला. थोड्याच वेळात काचा धुरकटल्या. मग तिनं काचा पुसून जुन्या काळ्या जॅकेटची बाही धरली. काचा कोरड्या ठणठणीत.

संभाजीराव चष्मा हातात घेऊन बघतच राहिले. इतके दिवस छातीवर बसलेली भीती म्हणजे एवढी चहाच्या ग्लासाएवढी वाफ! त्यांना हसू फुटलं आणि ते आवरेना. काखेत हवा खेळायला वेगळ्या चेना होत्या, त्या त्यांनी दोनदा उघडून मिटून पाहिल्या.

"पोपट दिसाल," हिराबाई म्हणाल्या.

"जिवंत पोपट," संभाजीराव म्हणाले. मग हळूच स्पृहाला विचारलं, "यावर काही नाव वगैरे लिहून मिळतं का?"

आम्रपालीनं वर पाहिलं. "पप्पा, एक सांगा. घामानं निथळत होतात, तर त्या जॅकेटची चेन का नाही उघडलीत? कुणीही उघडतं."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "उघडली की नावाचे दोन तुकडे व्हायचे, बाळा. लोकांना कसं कळणार, तू कुठं असतेस ते?"

लहानपणी कॅरिअरवर बसून धरायची तशी तिनं बापाच्या शर्टाची मागची कड मुठीत धरली. बराच वेळ सोडली नाही. शेवटी म्हणाली, "पप्पा, मग सांगा ना तोंडानं. कुणी अडवलंय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं होतं, बारीक भुरभुरही होती. संभाजीराव चढावर निघाले. काखेतल्या चेना उघड्या, अंग गरम, पाठ जवळजवळ कोरडी. छाती धडधडली, पण चढावर ती धडधडायचीच. अर्ध्या चढावर काळे मास्तर भेटले. त्यांनी पोपटी जॅकेटकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय संभाजीराव, कंपनीनं काढून टाकलं वाटतं?"

संभाजीरावांनी सायकल थांबवली, स्टँडवर लावली. "नाही मास्तर," ते म्हणाले, "माझी मुलगी आम्रपाली आहे ना, ती खराडीला असते. थांबा दोन मिनिटं, सांगतो."

मास्तरही सायकलवरून उतरले.