पाहुणे येईपर्यंत

जालन्यात अंबड रस्त्याला आमचं बालगृह होतं. मी तिथंच लहानाची मोठी झाले. गावात कुणाकडे वाढदिवस असो की वर्षश्राद्ध, त्याचं जेवण आमच्याकडे यायचं. पुरी, बुंदी, बटाट्याची भाजी. लोकांच्या मेलेल्या आजोबांवर आपण पोसलो, असं मोठ्या मुली हसून म्हणायच्या.

मिळायचं, पण लगेच नाही. ताटं वाढून व्हायची आणि पाहुणे यायचे असायचे. बाई, म्हणजे आमच्या अधीक्षिका, दारात उभ्या. "पाहुणे आल्याबिगर कोणी हात लावायचा न्हाई. बराबर बसा." पुऱ्या बसायच्या, बुंदीवर माशा यायच्या, पाठ अवघडायची. मग गाडी यायची. आम्ही उठून हात जोडून गाणं म्हणायचो, फोटो निघायचा, नव्या फ्रॉकातल्या कुणाच्या तरी पोरीच्या हातून चॉकलेट घ्यायचो, आणि मग जेवण. ती पोरगी माझ्या वयाची असली की मला भयंकर राग यायचा. पण राग धरायलाही अंगात जोर लागतो.

तिथं असेपर्यंत गरम पुरी मी कधी खाल्लीच नाही. दहावी झाली, नर्सिंग झालं, नोकरी, लग्न, सगळं एकामागून एक होत गेलं. सासरी पहिल्यांदा पुऱ्या तळल्या, तेव्हा कढईपाशी उभ्या उभ्याच खात सुटले. सासूबाई बघतच राहिल्या.

लेकीचा पाचवा वाढदिवस आला तेव्हा नवरा म्हणाला, "तुझ्या बालगृहात जेवण देऊ या." मला नको होतं, पण त्याचं मन मोडवेना. एकच अट घातली, मुलांनी गरम खायचं. बाईंना फोन करून बजावलं, "आमच्यासाठी थांबू नका. पुऱ्या तळल्या की वाढा."

"वाढते की माय," त्या म्हणाल्या.

औरंगाबादहून निघालेली आमची एसटी बदनापूरपाशी बंद पडली. पोचेपर्यंत दुपार टळली. पोरं जेवून खेळत असतील, असं मला वाटलं.

आत पंगत बसलेली होती. ताटं भरलेली, हात मांडीवर.

"बाई, मी सांगितलं होतं ना?"

बाई आता फार थकल्या होत्या. "सांगितलं होतं तर. मी म्हणले बी, खा म्हणून. पण पोरं ऐकतच न्हाईत. पाहुणे कुठं आले, म्हणतात."

पोरं उठली, हात जोडले, आणि तेच गाणं सुरू झालं. लेक माझ्यामागं लपली. "आई, ही सगळी माझ्याकडे का बघतात?"

गाणं संपल्यावर मी एक ताट मागून घेतलं आणि तिला घेऊन पंगतीच्या टोकाला बसले. पुरी गार होती, चिवट. तुकडा मोडला, आणि तोंडाशी नेता नेता हात थांबला. मी बाईंकडे बघत होते, खाऊ का म्हणून.