मयूर विहारमधला माझा मठ

सिस्टर्स, मी मठ सोडला त्या सकाळी तुम्ही सगळ्या प्रार्थनेत होतात. फाटकापर्यंत फक्त मदर आल्या. माझ्या फुप्फुसांना मठातलं जीवन झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मदर म्हणाल्या, "झगा इथे ठेव. प्रहरांची प्रार्थना घेऊन जा."

काही महिन्यांनी दिल्लीत टायपिस्टची सरकारी नोकरी लागली. स्टेशनवर बाबांनी वेगळंच बजावलं, "एकटी राहणार आहेस. कुणालाही दार उघडू नकोस."

आधी पहाडगंजला खोली, मग मयूर विहारला छोटा फ्लॅट. ऑफिसात डबा उघडण्याआधी मी डोळे मिटून स्तोत्र म्हणायचे, तर शेजारच्या टेबलावरून हमखास आवाज यायचा, "मॅडम, सो गईं क्या?" तेही अंगवळणी पडलं. रात्रीचं मौनही सोपं होतं, बोलायला होतंच कोण! एक नियम मात्र मला जमला नाही. मठाच्या दारावर थाप पडली की सिस्टर आधी "देवाला धन्यवाद" म्हणायची आणि कोण आहे हे न विचारताच कडी काढायची. मी बाबांचंच ऐकत राहिले.

मग चौऱ्याऐंशीतला तो आठवडा आला. शहरात शिखांना शोधून शोधून मारत होते. गच्चीवरून धूर दिसायचा. दुपारच्या प्रार्थनेसाठी मी मेणबत्ती लावली आणि दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरची गुरमीत हळू आवाजात म्हणत होती, "दीदी, बीजी साथ हैं. खोलो ना."

कडीवर हात ठेवून मी नुसती उभी राहिले. किती वेळ, ते आठवलं की आजही लाज वाटते. शेवटी तोंडातून "देवाला धन्यवाद" निघालं. त्यात धन्यवाद कसला, भीतीच होती सगळी. मी दार उघडलं. गुरमीतला आणि तिच्या म्हाताऱ्या सासूला, बीजींना, न्हाणीघरात बसवलं.

थोड्याच वेळात पुन्हा थाप पडली. या वेळी उघडलं नसतं तर त्यांनी दार तोडलं असतं. बाहेर पाच-सहा माणसं होती.

"अंदर कौन है?"

"अकेली हूँ. प्रार्थना कर रही थी."

पुढच्याने भिंतीवरचा क्रूस पाहिला. "माचिस दो."

"नहीं है."

"मोमबत्ती तो जल रही है."

"आख़िरी तीली थी."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खालून कुणीतरी हाक मारली आणि ते उतरले. काडेपेटी माझ्या मुठीत होती, घामाने भिजून गेली होती.

गुरमीतचं घर जळालं. तिचा नवरा ट्रक घेऊन परगावी होता, म्हणून वाचला. तो हिवाळा ते तिघं माझ्याकडेच राहिले. मी स्तोत्र म्हणायचे, शेजारी बीजी त्यांचा गुरबाणीचा पाठ करायच्या. जिन्यात पावलं वाजली की दोघी एकदम थांबायचो. पुढे ते जालंधरला गेले. भीती मात्र माझ्याकडेच राहिली.

त्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे आले होते. "राहा आता इथेच," मदर म्हणाल्या. मला गाढ झोप लागली. पण तिकडे जिन्यात कुणाची पावलं वाजत असतील, आणि वर माझ्या दाराला कुलूप, हे मनातून जाईना. मी परत निघाले.

दिल्लीत उतरल्यावर ऑटोवाल्याने विचारलं, "कहाँ?"

"घर," मी म्हटलं. तो वळून बघायला लागला, तेव्हा पत्ता सांगितला.