खालून सोडायची औषधं

आमच्या मुकुंदवाडीतले जुने डॉक्टर नाडी बघायच्या आधी एक प्रश्न विचारायचे, "मावशी, आज पैसे किती आणलेत?" माय न लाजता आकडा सांगायची. मग ते चिठ्ठी लिहायला घ्यायचे. त्यांची रीत ठरलेली होती. सगळ्यात गरजेचं औषध वर, त्याहून कमी गरजेचं त्याच्याखाली, आणि तळाला ताकदीचं टॉनिक, जे नाही घेतलं तरी माणूस मरत नाही. "पैसे कमी पडले तर खालून सोडायचं, वरचं सोडायचं नाही," असं ते प्रत्येकाला बजावायचे. सगळ्या वस्तीला ते पाठ होतं. बायका मेडिकलवर चिठ्ठी पुढं करून म्हणायच्या, "वरच्या दोनच द्या," आणि मेडिकलवाल्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. मला मात्र ते लालभडक टॉनिक हवं असायचं, गोड लागायचं म्हणून. आमच्या घरी ती बाटली दोनदाच आली.

तो स्पिरिटचा वास, बाकावरची दाटी, डॉक्टरांचं "जीभ दाखव" म्हणून खेकसणं, या सगळ्याची मला अजून आठवण येते. तशी माणसं आता राहिली नाहीत असं मी म्हटलं की माझी मुलगी हसते. हसू दे.

डॉक्टर वारले, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. मायला मी एका नव्या डॉक्टरबाईंकडं नेऊ लागले. बाई हुशार, बोलायला गोड. चिठ्ठी कॉम्प्युटरवर छापलेली, त्यात पाच औषधं. पहिल्या महिन्याची मी आणली. पुढं माय म्हणाली, "मेडिकल घराखालीच हाय, मीच आणत जाईन." मला बरंच वाटलं. शाळेत दिवसभर पोरांवर ओरडून मी दमलेली असते.

दोन-अडीच महिन्यांनी एका सकाळी भाकरी थापता थापता माय परातीवरच वाकली. डोकं गरगरत होतं. डॉक्टरबाईंनी बीपी मोजलं, पुन्हा एकदा मोजलं आणि विचारलं, "आजी, गोळ्या चालू आहेत ना?"

"व्हय, रोज. एक दिवस चुकवत नाय."

मी औषधांची पिशवी टेबलावर ओतली. तीनच पाकिटं निघाली. कॅल्शियम होतं, गॅसची गोळी होती, शुगरची होती. शेवटच्या दोन नव्हत्या, आणि त्यातली अगदी तळाची बीपीची होती.

"खालच्या सोडल्या," माय शांतपणे म्हणाली. "खालच्या लई गरजेच्या नसत्यात."

बाईंना काही कळेना. मी जुन्या डॉक्टरांची रीत सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "आजी, आमच्या यादीत असं वर-खाली काही नसतं हो. अजून काही दिवस ही गोळी बंद राहिली असती तर लकवा मारू शकला असता." गोळी त्यांनी तिथंच घ्यायला लावली, तासभर झोपवून ठेवलं, आणि बीपी उतरल्यावरच आम्हाला सोडलं.

भीती ओसरली तसा माझा पारा चढला. रिक्षात बसल्यापासून माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. मरायचं होतं का तुला? मी पैशाला कधी नाही म्हटलंय? पगार आहे ना मला? माय रस्त्याकडं बघत होती. घर जवळ आलं तेव्हा ती बोलली.

"पहिल्या महिन्याचं बिल बघून तू कपाळाला हात लावला व्हता. म्हणलीस, सगळं औषधातच जातंय."

मला ते आठवतही नव्हतं.