मावशींचं डोकं ठिकाणावर आलं की

हसायचं नाही, आधीच सांगतो. माझं लग्न मोडता मोडता राहिलंय, आणि तेही एका बटणापायी.

अश्विनी बेडशाची. तिची आई, मी त्यांना मावशी म्हणतो, लेणी बघायला येणाऱ्यांना घरगुती जेवण देतात. म्हटलं, फुकटात वेबसाइट करून देऊ, जरा वजन पडेल. पण मावशींनी मेनू सात वेळा बदलला. वैतागून मी टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, तात्पुरतं लिहिलं, 'मावशींचं डोकं ठिकाणावर आलं की मेनू कळेल.'

नंतर पुसलं हो. शप्पथ पुसलं. पण हा साचा कंपाइल होऊन, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात, दोन ठिकाणी जातो. पान पहिल्यांदा उघडतं ते सर्व्हरवरून, आणि बटण दाबलं की पुढचं फोनमधला ब्राउझर स्वतःच मांडतो. सर्व्हरचा साचा मी नवा केला. ब्राउझरचा राहिला. हे तेव्हा लक्षात आलं का? छे.

रविवारी मागणी घालायला गेलो. एकटाच, कारण आधी मावशींचा होकार आणि मग आईबाबा, असं आमचं ठरलेलं. पोहे यायच्या आधीच मी फोन पुढे केला. अश्विनीचे आजोबा, आबा, चष्मा लावून बघायला लागले. पान झकास उघडलं. मग त्यांनी 'उद्याचं जेवण' हे बटण दाबलं आणि आलेली ओळ मोठ्याने वाचली.

मावशी चहाचा कप हातात धरून तशाच उभ्या.

मी फोन घेऊन पान रिफ्रेश केलं. "बघा आबा, कुठे काय आहे?"

आबांनी परत बटण दाबलं. "आलं की परत."

"इथलं नेटवर्क खराब आहे, आबा."

"नेटवर्कला माजं डोकं कसं ठाऊक?" मावशी म्हणाल्या.

आता इथे तरी माणसाने गप्प बसावं की नाही? मी म्हटलं, कुणीतरी साइट हॅक केली असणार.

आबा उठलेच. "मंग तक्रार करू. माजा पुतण्या पोलिसात हाय, हितंच बोलावतो." आणि खरंच नंबर लावायला लागले. मी त्यांचा हात धरला.

"नको, आबा. मीच लिहिलंय ते."

मी तिथेच लॅपटॉप उघडला, ब्राउझरचा साचा कंपाइल केला आणि बटण दहा-बारा वेळा दाबून बघितलं. स्क्रीनवर पिठलं-भाकरी आली. पण बघत कुणीच नव्हतं.

शेवटी मावशी म्हणाल्या, "येक सांगते. लग्नाची पत्रिका छापखान्यातनं छापून आणायची. तुमी करायची न्हाई."

मला ते लागलं. मी पाच मिनिटं समजावत बसलो, की पत्रिका मी लय भारी करतो, तिच्यात बटणच नसतं.

शेजारी बसलेल्या अश्विनीने माझ्या पायावर पाय दिला. "अरे गप्प बस. आई हो म्हणाली."